रोजची मर्यादा एक

शैलजा टाकळकरांच्या संगणकाची रोजची मर्यादा चोवीसवरून एकोणीसवर आली, तेव्हा त्यांना वाटलं, उन्हाचं काहीतरी असणार. २०३९ सालचा एप्रिल होता, परभणीत पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला होता आणि संगणकाचं वय होतं सोळा वर्षं. त्यांनी पलंगाजवळचा टेबलफॅन उचलून संगणकाच्या पाठीशी लावला आणि स्वतः ओला पंचा मानेवर टाकून बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मर्यादा चौदा झाली. तिसऱ्या दिवशी आठ.

‘ओंजळ’ प्रकल्पात असं कुणाचं झालं तर लोक त्याबद्दल फारसं बोलत नसत. घरात कुणी नापास झाल्यावर बोलत नाहीत, तसं.

प्रकल्पाची कल्पना साधी होती. एका दुर्मीळ आजारावर औषध शोधायचं होतं. आधी हातातली ताकद जाते, मग आवाज जातो, शेवटी श्वास. डॉक्टरांच्या भाषेत त्याला लांबलचक नाव होतं. घरोघरी लोक त्याला ‘हातांचा आजार’च म्हणत. या आजारात मज्जातंतूंमधलं एक प्रथिन चुकीची घडी घालून बसतं. त्या घडीत नेमका अडकून बसेल असा रेणू सापडला, तर आजार थांबेल. पण लाखो रेणूंपैकी कुठला अडकेल आणि कुठला निसटेल, हे काढायला इतकं गणित लागतं की एका मोठ्या संगणकाला शंभर वर्षं पुरायची नाहीत. म्हणून पुण्याच्या केंद्राने त्या गणिताचे लहान लहान तुकडे केले आणि लोकांच्या घरच्या, रिकाम्या पडलेल्या संगणकांना वाटून दिले. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने करावं.

यात एक मेख होती. एखाद्या घरचं यंत्र बिघडलेलं असलं, तर ते मिनिटाला दहा तुकडे गिळून दहा चुकीची उत्तरं परत पाठवायचं. त्यावर उपाय म्हणून, एका यंत्राला दिवसाला किती तुकडे द्यायचे याची मर्यादा आली. प्रत्येक तुकडा तीन घरी पाठवायचा. तिघांपैकी दोघांचं उत्तर जुळलं की ते बरोबर, तिसऱ्याचं चूक. चूक निघाली की त्या यंत्राची रोजची मर्यादा एकाने खाली, बरोबर निघालं की एकाने वर. जास्तीत जास्त चोवीस. कमीत कमी एक, कारण बिघडलेलं यंत्र दुरुस्त झालं तर ते सिद्ध करायला त्याला संधी हवी.

नऊ दिवसांत शैलजाबाईंची मर्यादा एकवर आली.

रोजचा हिशोब जागतिक वेळेच्या मध्यरात्री बदलायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. इतकी वर्षं त्या वेळी उठून, चहाचं आधण ठेवून त्या नवे तुकडे आलेले पाहत. मग दिवसभर मधल्या खोलीतून संगणकाच्या पंख्याची घरघर येत राहायची. ती खोली मंजिरीची होती. मंजिरी म्हणजे शैलजाबाईंची धाकटी बहीण, नऊ वर्षांपूर्वी याच आजाराने गेलेली. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. शैलजाबाई कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक, मंजिरी शाळेत चित्रकलेची शिक्षिका. डाव्या हाताचं एकच बोट चालत होतं, तेव्हा त्या बोटाने मंजिरीने हा संगणक ‘ओंजळ’मध्ये नोंदवला होता. नंतर ती गेली, पण तिच्या खोलीत दिवसभर काहीतरी चालू राहिलं.

आता पहाटेचा एक तुकडा सव्वासहाला संपायचा. दुसऱ्या दिवशीच्या साडेपाचपर्यंत ती खोली गप्प. घर इतकं शांत असतं, हे शैलजाबाईंना नऊ वर्षांत कळलंच नव्हतं. दुपारी नळाला पाणी आलं तरी त्या दचकायच्या.

त्यांनी सगळं करून पाहिलं. संगणक उघडून ब्रशने धूळ काढली, मेमरीची पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली. दुकानदाराकडे नेला. त्याने दिवसभर ठेवून घेतला, सगळ्या चाचण्या केल्या आणि म्हणाला, “मॅडम, यात काहीच फॉल्ट नाही. पण खरं सांगू का, भंगारात द्या. आता कोण वापरतं असले? छतावर सोलर बसवून घ्या, त्याची पेटी येते ना, ती हे सगळं करते.”

हे खरं होतं. चार वर्षांत घरोघरी छतावर सोलर आलं होतं आणि त्याच्यासोबत भिंतीवर एक राखाडी पेटी. वीज सांभाळण्याचं काम झालं की ती दिवसभर मोकळीच. लोक एक बटण दाबून ती ‘ओंजळ’ला देऊन टाकत. अशा चार लाख पेट्या प्रकल्पात होत्या. जुने संगणक एकेक करून बंद पडले होते.

“ताई, आज किती?” असा निरोप त्या दिवशीही आला.

हा निरोप सिन्नरच्या भास्कर येवल्यांचा. प्रकल्पाच्या चर्चापानावर सहा वर्षांपूर्वी ओळख झाली होती. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करायचं त्यांचं काम. त्यांची बायको कांचन चाळिशीतच आजारी पडली होती. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण रोज सकाळी भास्कररावांचा निरोप यायचा आणि शैलजाबाई आकडा कळवायच्या. दिवसभरात त्या ज्या कुणाशी बोलत, त्यात भाजीवाली आणि भास्करराव, एवढेच काय ते नियमाचे.

“एक,” त्यांनी लिहिलं.

लगेच फोनच आला. “अहो, आजही एकच? जाऊ द्या, वाईट वाटून घेऊ नका. माझी पेटी आहे की. चोवीसच्या चोवीस. आणि ऐका ना ताई, आज पेढे वाटायचा दिवस आहे. कांचनचं नाव आलं यादीत!”

“कसल्या यादीत?”

“चाचणीच्या! तो सतराशे बारा नंबरचा रेणू नाही का, तो पक्का झाला. गणिताच्या तिसऱ्या टप्प्यात घडीला चिकटून बसलाय म्हणतात, हलतच नाही. माणसांवर चाचणी सुरू होतेय जूनच्या मध्याला. महाराष्ट्रातले चाळीस पेशंट, त्यात आपली कांचन. जूनच्या एक तारखेपासून तिचं आत्ताचं औषध बंद करायचंय. शरीर कोरं लागतं म्हणे.”

शैलजाबाईंनी तोंडभरून अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात एकच शब्द राहिला. तिसरा टप्पा. त्यांनी आपली जुनी नोंद उघडली. दुसऱ्या टप्प्याचे त्यांचे सगळे तुकडे जुळले होते, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. तिसऱ्या टप्प्याचे तुकडे आधी पेट्यांनाच जात, जुन्या संगणकांकडे ते एप्रिलपासून यायला लागले होते. चूक निघाले ते सगळे तिसऱ्या टप्प्याचे. आणि एकूण एक. बिघडलेलं यंत्र कधी चुकतं, कधी बरोबर येतं. एका टप्प्यात नेमाने बरोबर आणि दुसऱ्यात नेमाने चूक, असं ते करत नाही. बत्तीस वर्षं मुलांच्या प्रयोगांची मापं तपासलेल्या बाईला हे खटकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भास्कररावांना विचारलं, “मला तुमच्या पेटीची एक फाइल पाठवाल का? उत्तर नको, मधल्या पायऱ्यांची. माझ्याकडे आलेला तुकडा तुमच्याकडेही आला असला तर बघायचंय माझं कुठे चुकतं ते.”

“पाठवतो की. त्यात काय.”

चर्चापानावर एकमेकांशी ओळख जोडलेल्या घरांना केंद्र कधीमधी एकच तुकडा देत असे, तरी असा तुकडा यायला पंधरा दिवस लागले. दिवसाला एकच मिळत असल्यावर दुसरं काय होणार? मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी दोघांकडे एकच तुकडा आला आणि भास्कररावांनी नाश्त्याच्या आत फाइल पाठवली.

शैलजाबाईंनी दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या. पहिली हजारो पावलं शेवटच्या अंकापर्यंत सारखी होती. मग एका ओळीत त्यांच्या फाइलीत एक अतिशय लहान आकडा होता, दशांशचिन्हानंतर अडतीस शून्यं आणि मग चार. भास्कररावांच्या फाइलीत त्याच जागी नुसतं शून्य. पुढे गेल्यावर पुन्हा तसंच. पुन्हा तसंच.

त्यांनी कागद घेतला. त्या पावलाला कुठल्या दोन संख्यांचा गुणाकार करायचा, ते फाइलीत लिहिलेलंच होतं. दोन्ही संख्या लहान, पण शून्य कुठलीच नव्हती. दोन शून्य नसलेल्या संख्यांचा गुणाकार शून्य येत नाही, हे सांगायला संगणक लागत नाही. तरी त्यांनी तो हाताने केला. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत वीस गुणाकार झाले. वीसही वेळा त्यांचा संगणक बरोबर होता.

एवढ्या लहान आकड्याने काय बिघडतं, असं कुणीही विचारेल. एकाने काहीच बिघडत नाही. पण तिसऱ्या टप्प्यात रेणूला किंचित ओढणारे असं बळ क्षणोक्षणी मोजलं जात होतं, चार कोटी पावलं. एका पावलाचा परिणाम पुढच्या पावलात गुणाकाराने वाढत जात होता आणि रेणूला हळूहळू घडीतून बाहेर काढत होता. पेट्या प्रत्येक पावलाला ते बळ शून्य धरत होत्या, म्हणून पेट्यांमध्ये रेणू जागचा हलत नव्हता. शैलजाबाईंच्या संगणकात तो दर वेळी निसटत होता.

म्हणजे सतराशे बारा चिकटतच नव्हता.

त्या मंजिरीच्या खुर्चीत बसल्या. चार लाख पेट्या एक बोलत होत्या. तिघांतले दोघे नेहमी पेटीवाले असायचे, आणि दोघांचं जुळलं की ते बरोबर. त्यांच्यासारखा एखादा जुना संगणक वेगळं बोलला, की त्याची मर्यादा कमी होऊन तो आपोआप गप्प बसायचा. नियम कुणी वाईट हेतूने केला नव्हता. पण झालं होतं ते असं.

केंद्राला कळवायच्या आधी भास्कररावांना सांगायला हवं, असं त्यांना वाटलं. फाइल त्यांची होती. शुक्रवारी सकाळी त्यांनी फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. मग तो कमी झाला. भास्करराव बाहेर येऊन उभे राहिले असावेत.

“ताई, चार लाख यंत्रं चूक आणि तुमचं एकटीचं बरोबर?”

“मी हाताने करून पाहिलं, भास्करराव. वीस वेळा.”

“वीस. आणि केंद्रात एवढे शास्त्रज्ञ बसलेत, त्यांना दिसलं नाही?”

“त्यांना जुळलेलं दिसतं. जुळलेलं कुणी पुन्हा उघडून बघत नाही. तुम्ही रोज शेकडो नग मोजता. सगळे पास झाले आणि नंतर कळलं, की मोजायचं गेजच झिजलेलं होतं, तर?”

“तर सगळा माल परत मागवायचा,” ते एकदम म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, “पण हा माल नाहीये ना ताई. कांचन आहे.”

“म्हणूनच तर. एक तारखेला तिचं औषध बंद करतील. ते निदान आजार लांबवतंय. आणि त्याच्या बदल्यात देतील ते...”

“लांबवतंय म्हणजे काय करतंय? परवा तिला वेणी घालता येत नव्हती. मी घातली. वाकडी झाली म्हणून ती हसली, आणि मग... आठ वर्षांनी पहिल्यांदा ती पुढच्या दिवाळीचं काहीतरी बोललीये. तुम्हाला काय जातंय? तुमचं माणूस गेलंय. तुम्हाला आता घाई नाही.”

शैलजाबाईंना हे लागलं.

“एक महिना थांबा,” ते म्हणाले. “एक महिना. चाचणीत काय ते कळेलच. तुमचं यंत्र भंगार आहे असं समजा. सगळं जग समजतंय तसं.”

“मला नाही जमणार ते, भास्करराव.”

फोन बंद झाला.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुपारी त्यांनी वीस गुणाकारांचे कागद, दोन्ही फाइली आणि दीड पानाचं पत्र केंद्राकडे पाठवून दिलं. भास्कररावांचं नाव कुठे येऊ दिलं नाही. पाठवून झालं, हे सांगायलाही कुणीच नव्हतं.

रविवारी डॉ. आरती देवस्थळी नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचा फोन आला. आवाज थकलेला होता. “टाकळकर मॅडम, तुमचं पत्र मिळालं. दोन दिवस आम्ही सगळे हेच करतोय. तुम्ही बरोबर आहात.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. पेट्यांतली चिप वीज वाचवण्यासाठी बनवलेली. एका हद्दीपेक्षा लहान आकडा आला की ती तो नीट मोजत बसत नाही, सरळ शून्य धरते. विजेच्या हिशोबाला त्याने काही फरक पडत नाही, त्यामुळे बनवणाऱ्यांनी त्याचा कुठे गाजावाजाही केला नव्हता. दुसऱ्या टप्प्यात इतके लहान आकडे येतच नव्हते. तिसऱ्यात आले.

“जुळणीचं प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही केक कापला होता,” डॉ. देवस्थळी म्हणाल्या. “तुमच्यासारख्या अकराशे जुन्या यंत्रांची मर्यादा एकवर आली होती. आम्ही त्यांना नादुरुस्त म्हणून बाजूला टाकलं. कुणी पत्र लिहिलं नाही. बहुतेकांनी बंद करून टाकली.”

“आणि चाचणी?”

“थांबवली. आज सकाळीच. तिसरा टप्पा पहिल्यापासून करावा लागेल. पेट्यांना आपण आकडा कापू नका असं सांगू शकतो, पण मग त्या फार हळू चालतात. तीन वर्षं तरी जातील. तुमची मर्यादा आम्ही काढून टाकलीये. हवे तेवढे तुकडे घ्या.”

चर्चापानावर बातमी आली तसा गोंधळ उडाला. कुणी शैलजाबाईंचे आभार मानले. कुणी लिहिलं, आमचे चाळीस पेशंट आणि एका म्हातारीची हौस. कुणी हिशोब मांडला, की तिसऱ्या टप्प्यात आपण सगळ्यांनी मिळून किती शून्यं मोजली. शैलजाबाईंनी सगळं वाचलं, एकालाही उत्तर दिलं नाही. त्या फक्त एका नावाची वाट पाहत होत्या, आणि ते नाव आलं नाही. सकाळी निरोप येईनासा झाला. एकदा त्यांनीच लिहिलं, “कांचन कशी आहे?” वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही.

संगणक मात्र आता दिवसभर चालू होता. केंद्राने जुन्या यंत्रांसाठी मोठे, सलग तुकडे काढले होते. एकेक नऊ नऊ तास चालायचा आणि मधे थांबवला तर सगळा वाया जायचा. खोलीत पुन्हा घरघर सुरू झाली. पण पूर्वी ती ऐकून घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. आता नुसता पंखा ऐकू यायचा.

जुलैतल्या एका मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या तेव्हा मंजिरीच्या खोलीतच होत्या.

पलीकडून कुणीतरी बाई बोलत होती. फार सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. शैलजाबाईंनी मोबाइल कानाशी दाबून धरला.

“मी... कांचन येवले. सिन्नरहून.”

शैलजाबाई उठून उभ्या राहिल्या.

“हे कामावर गेलेत. त्यांना... सांगितलं नाही मी. रागावलेत ते. तुमच्यावर नाही. सगळ्यावरच. म्हणाले, त्या बाईला खरं सांगितल्याशिवाय... राहवत नाही.” दम घेण्यासाठी ती थांबली. “म्हणून फोन केला. मला इथे... खरं कुणी सांगत नाही, ताई. डॉक्टर यांना बाहेर नेऊन बोलतात. सासूबाई म्हणतात, बरी होशील. तुमच्या बहिणीला... हेच होतं ना?”

“हो.”

“तिचा आवाज कधी गेला? हात गेल्यावर... किती दिवसांनी?”

नऊ वर्षांत हा प्रश्न शैलजाबाईंना कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, फार त्रास झाला का, आणि उत्तर यायच्या आत विषय बदलायचे.

“चौदा महिन्यांनी,” त्या म्हणाल्या. “एकदम नाही गेला. आधी फोनवर लोकांना कळेनासं झालं. मग घरी आलेल्यांना. मला शेवटपर्यंत कळायचं.”

शैलजाबाईंना वाटलं, आपण पुन्हा चुकलो. मग कांचन हळूच म्हणाली, “म्हणजे सवय असलेल्या माणसाला कळतं.”

“हो. रोज ऐकणाऱ्याला कळतं.”

“मग मी... मंगळवारी करत जाऊ फोन? हे दुपारच्या पाळीला असतात. तुम्हाला सवय होईल. मला विचारायचंय खूप. ती घाबरली होती का, ते. आणि शेवटी...”

पुढचे शब्द पंख्याच्या घरघरीत बुडाले. शैलजाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. सकाळपासूनचा तुकडा चालू होता. आठ तास झाले होते, एक राहिला होता. मोबाइल घेऊन त्या बाहेरच्या खोलीत जाऊ शकल्या असत्या. पण तेवढ्यात कांचन पुन्हा काहीतरी म्हणाली, अगदी बारीक आवाजात, आणि तिला मधेच थांबा म्हणायची त्यांना हिंमत होईना.

त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. पडदा विझला. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला.

“हं, बोला कांचन,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “आता ऐकू येतंय.”